सोवळ्यातला रॉड

इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला दोन टोके असतात. लहान टोक पिस्टनला धरते, मोठे टोक क्रँकला. क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा, आकार इतका वेडावाकडा असतो की त्यावर अखंड कडे चढवता येत नाही. म्हणून मोठे टोक दोन भागांत करावे लागते. एक भाग रॉडचा, दुसरा अर्धगोल भाग म्हणजे कॅप. दोन्ही भाग दोन बोल्टांनी आवळायचे. ते सुटे करता आले पाहिजेत, आणि चालत्या इंजिनात मात्र एकजीव राहिले पाहिजेत. माझी सारी नोकरी या एका अटीवर गेली.

जुनी पद्धत अशी होती: मोठे टोक करवतीने कापायचे, कडा गुळगुळीत करायच्या आणि कॅप सरकू नये म्हणून मध्ये बारीक खुंट्या बसवायच्या. ही पद्धत वाईट नव्हती. पण गुळगुळीत कडा एकमेकींवर सरकू पाहतात. कडा जरा जरी सरकल्या तरी बोल्टाची पकड सैल होते, पिस्टनचा प्रत्येक हिसका बोल्टाला बसू लागतो आणि शेवटी बोल्ट तुटतो.

मी आमच्या कारखान्यात नवी पद्धत आणू पाहत होतो. परदेशात ती रूढ होती. आमच्या जड डिझेल इंजिनाला आणि आमच्या पोलादाला ती चालेल असे कोणी दाखवले नव्हते. मोठे टोक अखंड घडवायचे, आतून दोन्ही बाजूंना बारीक खाच पाडायची आणि पाचर घालून एका झटक्यात फोडायचे. फुटलेली कड खडीसाखरेच्या तुटलेल्या खड्यासारखी खडबडीत असते. तिच्यावर फक्त तिचीच दुसरी बाजू बसते, आणि एकदा बसली की हलत नाही. पोलाद कोणते, खाच किती खोल, बोल्ट किती आवळायचा, हे सारे मी ठरवले होते. पथ्य एकच होते. फुटलेल्या कडांना काहीही लावायचे नाही. पुसायचे नाही, घासायचे नाही, बोटसुद्धा फिरवायचे नाही. हवेच्या झोताने सुटे कण उडवायचे आणि जोडी लगेच मिटवायची.

आमच्या विभागप्रमुखांना मी येथे साहेब म्हणेन. तेव्हा सगळेच म्हणत. ती सवय आहे, आदर नव्हे. साहेब उत्तम बोलत. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेवर कधीही काही नसे. त्यांना स्वच्छतेची आवड होती, म्हणजे दुसऱ्याकडून चकाकी करून घेण्याची. तेलाचा एक थेंब जमिनीवर दिसला तर ते फोरमनला बोलावून तो थेंब बोटाने दाखवत आणि मग तेच बोट फोरमनच्या रुमालाला पुसत.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी माझे पहिले सहा रॉड तयार झाले. एका इंजिनाचा संच. खंडेनवमीला कारखान्यात काम बंद असते. यंत्रे धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हत्यारांची पूजा होते, पेढे वाटले जातात. मी सकाळी पोहोचलो तेव्हा विभागाच्या मधोमध टेबलावर लाल कापड अंथरलेले होते आणि त्यावर माझे सहाही रॉड मांडलेले होते, कॅपा काढून, फुटलेल्या कडा वर करून. मालक सपत्नीक येणार होते. त्यांना नवलाई दिसावी म्हणून ही साहेबांची मांडणी.

गुरुजींनी हळदीकुंकवाची वाटी उचलली तेव्हा मी पुढे झालो.

"साहेब, या कडांना काही लागता कामा नये."

"अरे, वर्षातून एकदा देवाला दाखवतोय. तुझा रॉड काय सोवळ्यात आहे?"

"हो. सोवळ्यातच आहे."

सगळे हसले. गुरुजीही हसले. मग त्यांनी प्रत्येक कडेवर हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या, वर फुलाने पाणी शिंपडले. मालकांच्या पत्नीने नमस्कार केला. साहेबांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

प्रसाद वाटून झाल्यावर मी त्यांना म्हटले, की हे सहा रॉड बाजूला काढावेत आणि मी दुसरा संच तयार करीन, पहिले इंजिन त्याने बांधावे.

"पूजेचे रॉड पहिल्या इंजिनात गेलेले चांगले. शुभ असतं. रॉड धुऊन घेतो की. तू आता जास्त ताणू नकोस."

दसऱ्यानंतर त्यांनी मला एका पुरवठादाराच्या कामासाठी कोल्हापूरला पाठवले. मी परत आलो तेव्हा इंजिन बांधून, तपासून, गिऱ्हाइकाकडे रवाना झाले होते. मार्केट यार्डातल्या एका शीतगृहाला जनरेटरसाठी ते दिले होते.

काही आठवड्यांतच फोन आला. मी शीतगृहात पोहोचलो तेव्हा जनरेटरच्या खोलीत भिंतीवर तेलाचा पट्टा उडालेला होता आणि इंजिनाच्या पोटाला भोक पडून रॉडचा तुकडा त्यातून बाहेर आला होता. सुदैवाने आत कोणी नव्हते. दारात उभ्या असलेल्या हमालाने मला आपणहून माहिती दिली.

"सायेब, इंजिनाचा पाय भाईर आलाय बगा. आता त्ये चालंल का पळंल?"

त्याला हसू आवरत नव्हते. त्याला दोष देता येत नव्हता. दृश्य तसेच होते.

मी खाली वाकून तुकडा पाहू लागलो, तेवढ्यात साहेब दुसऱ्या गाडीतून आले. इंजिन जसेच्या तसे कारखान्यात न्या, कोणी हात लावू नका, असे त्यांनी सांगितले. मला ते योग्य वाटले. कारखान्यात इंजिन उघडले गेले तेव्हा मला बोलावले नाही. मी तुकडे मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे कळले.

मग समिती बसली. साहेबच अध्यक्ष होते. फुटलेल्या कडांचा जोड आपल्या इंजिनाला झेपत नाही, रचनेतच दोष आहे, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले की रचनेत दोष नाही. कडांत परके काही राहिले असणार. परके म्हणजे काय, असे कोणीतरी विचारले. मी म्हटले, हळदकुंकू.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मंडळी, यांचं म्हणणं असं, की देवाच्या कुंकवाने आपलं इंजिन फुटलं."

खोली हसली. मी त्या हशात बसून राहिलो. मला पुरावा दाखवता येत नव्हता, कारण पुरावा भंगारात होता.

माझी बदली सुट्या भागांच्या कॅटलॉगला झाली. तेथे रॉडचे चित्र काढायचे, त्यातला प्रत्येक भाग सुटा करून दाखवायचा आणि त्यापुढे आकडा घालायचा. निवृत्तीपर्यंत मी तेच केले. कँटीनमध्ये माझ्या मागे रांगेत उभे राहणारे विचारत, "काय हो, आज कुठे कुंकू लागलं?" एकजण तर दर खंडेनवमीला माझ्या टेबलाशी येऊन स्वतःच्या कपाळाला हात लावत असे आणि विचारत असे, "मी पूजा करून आलोय. स्फोट बिट होणार नाही ना?"

पुढे दोनेक वर्षांनी तोच जोड उत्पादनात आला. बोल्ट किंचित लांब केला होता, बाकी सारे माझे होते. 'सुधारित जोड' असे त्याचे नाव ठेवले आणि साहेबांना त्याबद्दल पदोन्नती मिळाली. त्या जोडाचे कॅटलॉगचे चित्र मी काढले. त्यातल्या कॅपेला मी आकडा दिला.

एक गोष्ट मला मात्र स्वस्थ बसू देईना. सुरुवातीच्या चाचण्यांत मापामुळे नाकारलेल्या रॉडांपैकी एक मी घरी आणला होता. त्याच्या कडांना हळदकुंकू लावले, दोन दिवस वाळू दिले, मग रॉकेलने धुतले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अहो, कुंकवाचा करंडा रिकामा केलात माझा. आता काय रॉडची ओटी भरू?"

धुतल्यावर कडांवर लालसर डाग राहिला, पण जोड पहिल्यासारखाच पक्का बसला. मी पुन्हा पुन्हा करून पाहिले. नुसत्या कुंकवाने तो बिघडत नव्हता. याचा अर्थ समितीपुढे मी जे बोललो ते अपुरे होते. काय घडले होते ते मला ठाऊक नव्हते. साहेबांना ठाऊक असावे, एवढेच मला वाटत होते. वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. एवढी वर्षे मी वाट पाहिली ती त्या पुराव्याची. साहेब जिवंत राहावेत, असे मला मनापासून वाटे.

निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या घरी मी मोडलेले भाग तपासून देऊ लागलो. लहान कारखानदार पिशवीत तुटका बोल्ट, चिरलेला रॉड घेऊन येतात. मी भिंगाखाली पाहतो, का मोडले ते लिहून देतो. बायकोची अट एकच आहे, पोह्यांच्या बशीशेजारी लोखंड ठेवायचे नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी दारावरची घंटा वाजली. साहेब होते. काठी आली होती, बाकी माणूस तोच. हातात कापडी पिशवी.

"ओळखलंत का आपण?"

पूर्वी ते मला 'अरे' म्हणत.

"या," मी म्हटले.

त्यांच्या जावयाचा भोसरीला रॉडचा कारखाना होता. साहेब तेथे सल्लागार होते. फुटलेल्या कडांचे रॉड ते एका मोठ्या कंपनीला देत होते, आणि कंपनीच्या चाचणीत त्यांचे जोड सैल पडत होते. एक बोल्ट तुटलाही होता. बाहेरच्या तज्ज्ञाचा अहवाल आल्याशिवाय माल घेणार नाही, असे कंपनीने कळवले होते.

"जावई म्हणाला, या विषयातला माणूस शोधा. मी म्हटलं, पुण्यात एकच आहे." साहेब हसले. "जुनं काही मनात ठेवू नका हं. तेव्हा परिस्थितीच तशी होती."

"पिशवी ठेवा," मी म्हटले.

ते गेल्यावर मी कॅप भिंगाखाली धरली. फुटलेल्या कडेवरचे उंचवटे टोकदार असायला हवेत. ते बसके होते आणि चमकत होते. त्यांच्यावरून एकाच दिशेने बारीक ओरखडे गेले होते. तारेच्या ब्रशाचे ओरखडे. कोणीतरी या कडा घासून चकचकीत केल्या होत्या. उंचवटे झिजले की कड आपल्या जोडीदारावर घट्ट बसत नाही. बाहेरून दिसते मिटलेली, आतून असते सैल.

मी भिंग खाली ठेवले. खंडेनवमीचे सहा रॉड डोळ्यांपुढे आले. कुंकू धुतल्यावर राहणारा लालसर डाग आठवला, आणि डाग पाहवत नाही असा मी ओळखत असलेला एकच माणूसही आठवला. पण हा अजून तर्कच होता.

साहेबांचा संध्याकाळी फोन आला. "कळलं का काही?"

"कळलं. कारखान्यात सांगीन. जावयांना, कामगारांना आणि कंपनीच्या माणसाला बोलावून घ्या."

"एवढ्यासाठी? फोनवर सांगा की."

"फोनवर नाही."

भोसरीचा कारखाना नीटनेटका होता. जावई सभ्य माणूस. सारखे घड्याळ पाहत होते, पण माझ्याकडे न पाहता. कंपनीकडून गुणवत्ता तपासणीची एक तरुण मुलगी आली होती. जोडणीच्या टेबलाभोवती कामगार उभे होते. ते साहेबांना काका म्हणत.

मी नुकतेच फोडलेले दोन रॉड मागवले. एकावर फक्त हवेचा झोत मारायला सांगितले. दुसरा साहेबांपुढे ठेवला.

"आपण स्वतः साफ करून दाखवा. इथे करतात तसा."

साहेबांना आनंद झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढून काठीच्या मुठीला गुंडाळला, काठी टेबलाला टेकवली आणि तारेचा ब्रश उचलला. म्हातारा हात, पण घासणे सराईत होते. दोन्ही कडा चकाकू लागल्या.

"बघा, एक काळा कण नाही. ही शिस्त मी लावली इथे. आधी ही पोरं नुसती फुंकर मारून मिटवायची."

"पण सर, प्रोसेस शीटमध्ये तर फक्त एअर क्लीनिंग लिहिलंय," मुलगी म्हणाली. "ब्रश कुठेच नाहीये."

"शीटमध्ये सगळं लिहीत नसतात, बाळ. अनुभव म्हणून काही असतं."

दोन्ही रॉड मी सारखेच आवळायला लावले. मोठ्या टोकाचे कडे आतून मोजले. मग बोल्ट सोडून, कॅप काढून, पुन्हा बसवून, पुन्हा आवळून मोजले. हवा मारलेल्या रॉडात मापाची सुई पुन्हा त्याच जागी आली. साहेबांच्या रॉडात ती दुसरीकडे थांबली. पुन्हा केले. ती आणखी तिसरीकडे थांबली. कामगारांपैकी एकजण हलकेच "आयला" म्हणाला.

"म्हणजे रूट कॉज ब्रश आहे?" मुलीने विचारले.

"ब्रशाला हात नसतात," मी म्हटले.

जावयांनी प्रथमच घड्याळावरून नजर काढली. साहेबांनी ब्रश खाली ठेवला.

"ही सवय आपल्याला कधीपासूनची?" मी विचारले.

"सवय काय? स्वच्छता आहे ती. पहिल्यापासून."

"पहिल्या इंजिनापासून?"

त्यांना कळले. चेहऱ्यावर लाली आली.

"ते वेगळं होतं," ते मोठ्याने म्हणाले. "तेव्हा कुंकवाचे डाग राहिले होते. रॉकेलने धुतलं तरी लाल दिसत होतं. गिऱ्हाइकाला काय लाल रॉड दाखवायचे? म्हणून घासून घेतले. त्यात माझं काय चुकलं? चांगल्यासाठीच केलं."

यंत्रे बंद होती. बाहेर टेम्पो मागे घेताना वाजणारी घंटा तेवढी ऐकू येत होती.

कुंकू निर्दोष होते. रचना निर्दोष होती. इंजिन उघडल्यावर घासलेल्या कडा दिसतील आणि बोट आपल्याकडे वळेल, एवढे साहेबांना तेव्हाच समजले असले पाहिजे, म्हणून तुकडे भंगारात गेले. मी जावयांना आणि त्या मुलीला चार वाक्यांत सारे सांगितले: पूजा, फुटलेले इंजिन, समिती आणि हशा, माझी बदली. मग साहेबांकडे वळलो.

"आपण आत्ता जे म्हणालात ते पुन्हा म्हणा. या बाईंना नीट ऐकू आलं नसेल."

"नाही नाही सर, मला ऐकू आलं," ती घाईने म्हणाली.

"मला नाही आलं."

साहेबांनी जावयांकडे पाहिले. जावई जमिनीकडे पाहत होते.

"मी रॉड घासायला लावले होते," साहेब म्हणाले.

"आणि रचना?"

साहेबांनी ब्रश टेबलावर दूर सरकवला.

"रचनेत दोष नव्हता."

मी माझी पिशवी उचलली. एका कामगाराने काठी साहेबांच्या हातात दिली. ती त्यांना सापडत नव्हती.

अहवाल मी त्याच आठवड्यात दिला. ब्रश बंद करावा, हवेचा झोत पुरेसा आहे, जोडी फुटल्यापासून मिटेपर्यंत एकाच माणसाच्या हाती असावी, वगैरे. शेवटी एक वाक्य घातले: फुटलेल्या कडांचा जोड मिटेपर्यंतच्या कोणत्याही कामात सल्लागारांचा सहभाग नसावा आणि त्यांना त्या विभागात प्रवेश देण्यात येऊ नये. कंपनीने अहवाल जसाच्या तसा अट म्हणून लावला. माल पुन्हा सुरू झाला. रॉड उत्तम निघू लागले.

आमच्या जुन्या कारखान्याची निवृत्त मंडळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कर्वेनगरातल्या एका हॉटेलात इडली खायला जमतात. मी क्वचित जात असे. त्या महिन्यात मी गेलो. ज्याने खंडेनवमीला कपाळाला हात लावून मला छळले होते तो समोर बसला होता. मी त्याला म्हटले, इंजिन कशाने फुटले ते सापडले.

"कुठलं इंजिन?"

"कुंकवाचं."

"कसलं कुंकू?" त्याने शेजाऱ्याला विचारले, "काय म्हणतायत हे?" मग माझ्याकडे पाहून आपुलकीने म्हणाला, "तुम्ही कॅटलॉगला होतात, नाही का? काय सुंदर चित्रं असायची हो तुमची."

मी कॉफी प्यालो आणि घरी आलो. मला ज्यांच्या तोंडून ऐकायचे होते त्यांना प्रश्नच आठवत नव्हता. ज्या थट्टेने त्यांनी मला एवढी वर्षे टोचले ती थट्टा त्यांच्यासाठी कँटीनच्या रांगेत वेळ घालवण्यापुरती होती. तो अपमान आता जगात दोनच माणसांच्या डोक्यात शिल्लक होता. माझ्या आणि साहेबांच्या.

महिनाभरात साहेब पुन्हा आले. यावेळी पिशवी नव्हती. बायकोने चहा ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

"ते शेवटचं वाक्य काढा आपण," ते म्हणाले. "मी सकाळी जातो, वॉचमन सलाम करतो आणि आतलं फाटक उघडत नाही. 'काका, ऑफिसात बसा' म्हणतो. ऑफिसात मुलगी चहा देते आणि रिक्षा बोलावते. दिवसभर करू काय मी?"

"कॅटलॉग असेल त्यांचा."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही.

साहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "काय केलं तर काढाल?"

"पहिल्या रविवारी आमची मंडळी जमतात. तिथे या. भोसरीला जे बोललात ते तिथे बोला."

"मग काढाल?"

"विचार करीन."

ते आले. त्यांना पाहताच सारी मंडळी उठून उभी राहिली. कोणी खुर्ची पुढे केली, कोणी इडली मागवली, कोणी प्रकृती विचारली. साहेब बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी सांगितले: पूजेचे रॉड, ब्रश, तुकडे भंगारात का टाकले ते. समिती खोटी होती, हा शब्दही त्यांनी स्वतःच वापरला. वाक्ये पूर्ण होती. उत्तम बोलत असत ते.

"जाऊ द्या हो साहेब," कोणीतरी म्हणाले, "किती वर्षं झाली. सांबार गार होतंय."

पण कपाळाला हात लावणाऱ्या माणसाने चमचा खाली ठेवला. त्याला आता आठवले होते. तो माझ्याकडे वळला.

"म्हणजे तुमची चूक नव्हती तर."

"नव्हती."

"आणि आम्ही आपले..." त्याने वाक्य सोडून दिले. मी त्याला मदत केली नाही.

हॉटेलाबाहेर साहेबांसाठी रिक्षा थांबली होती. ते आत बसण्याआधी थांबले.

"केला विचार?"

"केला."

"मग?"

"वाक्य राहील."

"मी सगळ्यांसमोर बोललो. आपण सांगितलंत तसं."

"हो. बरोबर बोललात."

"मग का?"

"कारण वाक्यही बरोबर आहे. आपण त्या टेबलाशी गेलात की ब्रश उचलाल."

"सूड घेताय आपण."

"हो," मी म्हटले.

रिक्षावाल्याने विचारले, काका बसताय का. साहेब बसले.

कंपनीच्या नियमाप्रमाणे अहवाल दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. यंदा मी भोसरीला जाऊन आलो. सारे जोड एकेक करून पाहिले. कडा टोकदार आहेत, जोड्या घट्ट आहेत, एकही बोल्ट सैल नाही. जावयांनी अहवाल न वाचताच सही केली. शेवटचे वाक्य मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्यात बदल करावा असे काही आढळले नाही.